जॅझ आणि बिग बँड: काय ऐकू, कुठून सुरू करू? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपण जॅझ ऐकतो हे कोणाला कळलं की दहा मिनिटांत प्रश्न येतोच, 'मग मी काय ऐकू?' तेच तेच टाइप करून बोटं झिजली, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक टाकली की काम झालं. आवडीनिवडी सगळ्या माझ्या आहेत, पटलं नाही तर सोडून द्या.

जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. एकच अल्बम सांगा.

काउंट बेसीचा 'द अटॉमिक मिस्टर बेसी'. १९५७ साली रेकॉर्ड झालेला, कव्हरवर अणुस्फोटाचा ढग, आणि आतल्या सगळ्या रचना नील हेफ्टी या एकाच माणसाच्या. नवख्याला सहसा लोक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' देतात, तो येईल पुढे, पण माझा अनुभव असा की आधी पाय हलवणारं काहीतरी लागतं, विचारात पाडणारं मग नंतर आपोआप झेपतं.

पहिला ट्रॅक 'द किड फ्रॉम रेड बँक' सुसाट आहे (रेड बँक म्हणजे न्यू जर्सीतलं बेसीचं गाव), पण खरी मजा शेवटच्या 'लिल डार्लिन'मध्ये. हेफ्टीच्या डोक्यात ती चाल बरीच जलद होती, बेसीने ती मुंगीच्या पावलांनी वाजवायला घेतली. अख्खा ताफा दबक्या आवाजात एक वाक्य म्हणतो आणि गप्प होतो, आणि त्या मोकळ्या जागेत फक्त फ्रेडी ग्रीनची गिटार छक् छक् छक् छक् चालू राहते. नीट ऐका, सूर ठोक्यावर पडत नाहीत, केसभर मागे पडतात, आणि तो केसभर उशीर सगळेजण एकत्र करतात. हा ग्रीन १९३७ ला बँडमध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता, स्वतः बेसी त्याच्या तीन वर्षं आधी गेला. एवढ्या वर्षांत त्याने सोलो जवळजवळ घेतलाच नाही. पण तो काढून टाकला तर बाकी सगळं कोसळेल.

बिग बँड म्हणजे नुसती जास्त माणसं का?

माणसं जास्त असतातच. साधारण पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, आणि मागे पियानो, बेस, ड्रम, बहुतेकदा गिटार. पण मुद्दा डोकी मोजण्याचा नाही. चार-पाच जण असले की जो तो आपल्या मनाने वाजवू शकतो, पंधरा जणांनी तसं केलं तर नुसता गोंधळ, म्हणून कोणीतरी लिहावं लागतं, तो अरेंजर. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी डॉन रेडमनने आणि नंतर स्वतः हेंडरसनने जो साचा बसवला तो आजपर्यंत टिकलाय: सॅक्सोफोनची रांग काहीतरी विचारते, पितळी वाद्यांची रांग उत्तर देते, मध्येच दार उघडून एकाला सोलोसाठी मोकळं सोडतात आणि मग पुन्हा सगळे.

दुसरी तऱ्हा कॅन्सस सिटीची, बेसीची. तिथे कागद कमी, डोक्यात जास्त. कोणीतरी दोन मापांची (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुतेकदा चारांचा) छोटी ओळ, म्हणजे रिफ, सुरू करायचा, बाजूचे उचलायचे, दुसरी रांग त्यावर आपला रिफ चढवायची. १९३७ चं 'वन ओक्लॉक जंप' असंच बनलंय आणि शेवटच्या मिनिटात ते थर एकावर एक चढताना स्वच्छ ऐकू येतात.

सगळे नंबर सारखेच वाटतात. माझ्या कानाचा दोष आहे का?

नाही. ऐकायच्या पद्धतीचा आहे. दीडशे गाण्यांची प्लेलिस्ट लावली की सगळं एकसारखंच वाटणार, मलाही वाटतं. मी सगळ्यांना एकच सांगतो, दहा रेकॉर्ड एकेकदा ऐकण्यापेक्षा एक रेकॉर्ड दहादा ऐका, आणि दरवेळी कान एकाच वाद्यावर ठेवा.

करून बघा. ड्यूक एलिंग्टनचं 'को-को', मार्च १९४० चं रेकॉर्डिंग (चार्ली पार्करचंही एक 'को-को' आहे, ते वेगळं, दचकू नका). तीन मिनिटांपेक्षा कमी आहे. पहिल्यांदा नुसतं ऐका, काहीतरी दाट आणि काळोखं आहे एवढंच कळेल. दुसऱ्यांदा सुरुवातीला तळाशी जो घुमणारा एकच सूर आहे तो पकडा, तो हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन. तिसऱ्यांदा हुआन तिझोलचा ट्रॉम्बोन आणि त्याला लगेच उत्तर देणारे सॅक्सोफोन. चौथ्यांदा ट्रिकी सॅम नॅन्टन, हा ट्रॉम्बोनच्या तोंडावर प्लंजर धरून वाजवतो, प्लंजर म्हणजे तुंबलेलं बेसिन मोकळं करायला वापरतात तोच रबरी कप, आणि त्यातून माणूस बोलल्यासारखा 'या या' आवाज काढतो. पाचव्यांदा शेवटाकडे सगळे थांबतात आणि मधल्या फटींत एकटा बेस ऐकू येतो तिथे कान ठेवा, तो जिमी ब्लँटन, तेव्हा विशी नुकती ओलांडलेला, त्याच्या आधी बेस म्हणजे मागे उभं राहून ठोके धरणारं वाद्य होतं. आणि हे सगळं साध्या बारा मापांच्या ब्लूजवर, तेच वर्तुळ पुन्हा पुन्हा, फक्त दरवेळी भिंतीचा रंग बदललेला.

पाच वेळा म्हणजे पाव तास झाला. आता दुसरा कुठलाही बिग बँड लावा, सारखा वाटणार नाही.

एलिंग्टनने तर शेकड्यांनी रेकॉर्ड केलंय. त्यातलं नेमकं काय?

१९४० ते ४२ चा बँड आधी. या काळाला ब्लँटन आणि टेनर सॅक्सोफोनवाला बेन वेबस्टर या दोघांच्या नावाने ओळखतात. 'कॉटन टेल'मधला वेबस्टरचा सोलो, 'कॉन्सर्टो फॉर कूटी', 'जॅक द बेअर', आणि अर्थात 'टेक द ए ट्रेन'. हे शेवटचं एलिंग्टनचं नाही बरं का, त्याचा साथीदार बिली स्ट्रेहॉर्नचं आहे. १९४१ च्या सुरुवातीला रॉयल्टीच्या भांडणामुळे एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना अमेरिकन रेडिओवर वाजवता येत नव्हत्या, त्यामुळे स्ट्रेहॉर्नच्या रचना पुढे आल्या आणि ही बँडची ओळखधूनच होऊन बसली.

मग 'एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट', १९५६. तेव्हा लोक म्हणायला लागले होते की ड्यूकचे दिवस संपले. आणि त्या रात्री पॉल गोन्साल्व्हिस नावाचा टेनरवाला 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मध्ये उभा राहिला आणि सलग सत्तावीस कोरस (कोरस म्हणजे चालीचं एक पूर्ण वर्तुळ) वाजवले, लोक खुर्च्यांवरून उठून नाचायला लागले. इथे एक टीप. गोन्साल्व्हिस चुकीच्या माइकसमोर उभा होता, रेडिओवाल्यांच्या, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीच्या टेपमध्ये तो लांबून ऐकू येतो, शिवाय जुन्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. १९९९ मध्ये दोन्ही टेप जुळवून खरी मैफल बाहेर काढली. तीच आवृत्ती ऐका. सत्तावीस कोरसमध्ये सुरांपेक्षा मागच्या आरडाओरड्याकडे लक्ष द्या, गर्दी हळूहळू कशी पेटत जाते ते.

नंतरच्या काळातला 'फार ईस्ट स्वीट' माझा लाडका, त्यातल्या 'इस्फहान'मध्ये जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन एका सुरावरून दुसऱ्यावर मधासारखा ओघळतो.

बेनी गुडमन, ग्लेन मिलर वगैरे खरे जॅझवाले आहेत का? की नुसतं नाचगाण्याचं?

नाचगाण्याचं असणं हा काय गुन्हा आहे? बेसी, एलिंग्टन सगळेच नाचणाऱ्यांसाठी वाजवत होते.

गुडमन शंभर टक्के जॅझवाला. त्याचे गाजलेले बरेच नंबर वर सांगितलेल्या हेंडरसननेच लिहिलेत, म्हणजे कारागिरी त्याची आणि नाव याचं, हे लक्षात असू द्या. १६ जानेवारी १९३८ ची कार्नेगी हॉलची मैफल ऐका, रेकॉर्ड बाहेर आली ती थेट १९५० मध्ये. 'सिंग सिंग सिंग' बारा मिनिटं चालतं, जीन क्रुपा ड्रमवर नुसता धुमाकूळ घालतो, आणि सगळा दंगा ओसरत आला असताना पियानोवर जेस स्टेसी एकदम शांत, जवळजवळ चर्चमधल्यासारखं काहीतरी वाजवायला लागतो. कोणाच्या ध्यानीमनी नसताना. मी तो ट्रॅक त्या दोन मिनिटांसाठी लावतो. त्याच मैफलीत गुडमन, क्रुपा, टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन हा चौघांचा गटही आहे, दोन गोरे आणि दोन काळे वादक एका मंचावर, १९३८ च्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

मिलरबद्दल माझं मत थोडं कोरडं आहे. 'इन द मूड'च्या शेवटी आवाज कमी कमी करत संपल्याचं नाटक करून पुन्हा उसळी मारतात ते मस्त आहे, 'मूनलाइट सेरेनेड'चा क्लॅरिनेटने झाकलेला सॅक्सोफोनचा रंगही त्याचाच, पण सोलो घेणारा कोणी आठवतो का? मला नाही आठवत. दोन-चार नंबर ऐका, पुरे. त्यापेक्षा आर्टी शॉचं १९३८ चं 'बिगिन द बिगीन' ऐका.

मग हे बँड गेले कुठे?

एका कारणाने नाही गेले. युद्धात वादक भरती झाले, पेट्रोल आणि टायर रेशनवर गेल्याने बसने गावोगाव फिरणं अवघड, आणि त्यात ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रॉयल्टीसाठी रेकॉर्डिंगच बंद ठेवलं, ते पूर्ण मिटायला १९४४ उजाडलं. गायक त्या संपात नव्हते, ते गात राहिले. युद्ध संपल्यावर लोकांना गायक हवे होते आणि पंधरा जणांचे पगार परवडत नव्हते. १९४६ च्या अखेरीस एकामागून एक बँड मोडले.

गाणारे आवडतात मला, नुसती वाद्यं नको.

मग एला फिट्झजेराल्डची बर्लिनची मैफल, १९६०. 'मॅक द नाइफ' गाताना ती मधेच शब्द विसरते, आणि थांबत नाही, जागच्या जागी नवीन ओळी रचून, त्यात आपण विसरलोय हेही गाऊन, मध्येच लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करून मोकळी होते. चूक इतकी गोड होऊ शकते हे बघायला तरी ऐका. तिचा आणि आर्मस्ट्राँगचा १९५६ चा 'एला अँड लुई' निवांत संध्याकाळसाठी.

बिली हॉलिडे सुरू करताना लोक १९५८ चा 'लेडी इन सॅटिन' घेतात, तोवर तिचा आवाज चिरफाळलेला होता, तो अल्बम तिची आधीची गाणी कानात बसल्याशिवाय उलगडत नाही. आधी १९३७ ची घ्या. 'अ सेलबोट इन द मूनलाइट' हे खरं म्हणजे अगदी फुटकळ गाणं आहे, पण ती गाते तेव्हा तिच्यामागे लेस्टर यंग टेनर सॅक्सोफोनवर हलकेच कुजबुजत राहतो, दोघं एकमेकांचं वाक्य पूर्ण करतात असं वाटतं.

आणि बिग बँडसोबत गाणं हवंच असेल तर 'सिनात्रा अ‍ॅट द सँड्स', १९६६, लास व्हेगासमध्ये, मागे बेसीचा बँड आणि अरेंजमेंट क्विन्सी जोन्सची. मधली बडबड वगळली तरी चालेल.

'काइंड ऑफ ब्लू' ऐकला आणि झोप लागली. लाज वाटतेय.

लाज कसली, मी पहिले सहा महिने तो काम करताना मागे लावून ठेवायचो आणि वर लोकांना 'काय अल्बम आहे' म्हणून सांगायचो. एकदा लाइट गेल्यावर अंधारात फोनवर लावला आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की 'सो व्हॉट'मध्ये चाल बेस वाजवतोय. बेस एक ओळ म्हणतो, बाकीचे दोनच सुरांत 'सो व्हॉट' म्हणून उत्तर देतात. संपली चाल. त्यानंतर तीन वादक येतात, माइल्स शब्द मोजून बोलणारा, कोल्ट्रेन एका दमात सगळं सांगू पाहणारा, कॅननबॉल अ‍ॅडर्ली हसतखेळत. तीन स्वभाव, विषय तोच.

अल्बम १९५९ मध्ये दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. मजा म्हणजे पहिल्या दिवशी टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक तीसेक वर्षं जगभर थोडे चढ्या सुरात वाजत राहिले. १९९० च्या दशकात ते दुरुस्त झालं. आता मिळतात त्या आवृत्त्या बहुतेक दुरुस्त केलेल्याच.

पुढे काय ऐकायचं ते या अल्बमच्या पाठीवरच लिहिलेलं आहे, नावं वाचा. अ‍ॅडर्ली आवडला तर त्याचा 'समथिन एल्स' (१९५८, त्यातही माइल्स आहे). कोल्ट्रेन आवडला तर 'ब्लू ट्रेन', लगेच 'अ लव्ह सुप्रीम'वर उडी मारू नका. पियानोवाला बिल एव्हान्स आवडला तर जून १९६१ चं व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमधलं रेकॉर्डिंग, 'वॉल्ट्झ फॉर डेबी', ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा ऐकू येतात, आणि त्यातला बेसवाला स्कॉट लाफारो दोन आठवड्यांच्या आत कार अपघातात गेला. माइल्स स्वतः आवडला तर 'माइल्स अहेड', गिल एव्हान्सने लिहिलेला, एक माणूस आणि त्याच्याभोवती ढगासारखा पसरलेला मोठा बँड. बिग बँड म्हणजे दणका, हा समज इथे गळून पडतो.

बीबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातलं ते वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ, डोक्यावरून जातं, फार फास्ट.

ज्याचं त्याचं होतं. चार्ली पार्करचं 'पार्कर्स मूड' (१९४८) घ्या, संथ ब्लूज आहे, त्यात त्याची भाषा कळली की फास्टमध्येही तीच वाक्यं सापडतात. डिझी गिलेस्पीने बीबॉप थेट बिग बँडवर चढवलं, १९४७ चं 'मँटेका' ऐका, क्युबाचा चानो पोझो कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवतोय. आणि सोनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' (१९५६), त्यातलं 'सेंट थॉमस' शिट्टीवर वाजवता येईल इतकं सोपं आहे.

थोडं वेडंवाकडं, जड काहीतरी?

चार्ल्स मिंगस, 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी', १९६३. अकरा जण आहेत पण तीस असल्यासारखे वाजतात. कव्हरवरच्या मजकुराचा एक भाग त्याने चक्क आपल्या मानसोपचारवाल्याकडून लिहून घेतला होता. एका बैठकीत, मधे न थांबता ऐकायचा. पहिल्यांदा दमलात तर बरोबरच ऐकलंत.

हे फार वाटलं तर ऑलिव्हर नेल्सनचा 'द ब्लूज अँड द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रुथ' (१९६१), 'स्टोलन मोमेंट्स'मध्ये मोजक्या वादकांतून बिग बँडचा रंग काढलाय.

आजच्या काळात कोणी हे करतं का, की सगळं म्युझियममध्ये?

करतात की. थॅड जोन्स आणि मेल लुईसने फेब्रुवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये सोमवारी रात्री वाजवायला सुरुवात केली, कारण सोमवारी स्टुडिओतले चांगले वादक मोकळे असायचे. दोघंही गेले, त्यांचा बँड नाव बदलून सोमवारी वाजवतोच आहे. त्यांचा 'कन्झमेशन' ऐका.

तोशिको अकियोशीचा 'कोगुन' (१९७४) चुकवू नका, युद्ध संपल्याचं न कळता जंगलात तीसेक वर्षं लपून राहिलेल्या जपानी सैनिकावरची रचना आहे, त्यात नोह या पारंपरिक जपानी नाटकातला त्सुझुमी ढोल आणि आरोळ्या बिग बँडमध्ये मिसळल्यात. मरिया श्नायडरचा 'कॉन्सर्ट इन द गार्डन' (२००४) फक्त इंटरनेटवर विकला गेला आणि तरी ग्रॅमी घेऊन आला. तिच्या बँडमध्ये रांगांचं सवालजवाब फारसं नाही, सगळं एकमेकांत विरघळतं. डार्सी जेम्स आर्ग्यूचा 'इन्फर्नल मशीन्स' रॉक ऐकणाऱ्यांना द्यायला चांगला.

एकाच नंबरची पन्नास रेकॉर्डिंग दिसतात. कोणतं खरं?

तारीख बघा, दुसरा उपाय नाही. मी एकदा 'ओरिजिनल हिट्स' म्हणून दोन आठवडे जे ऐकत होतो ते त्याच बँडने वीस वर्षांनी स्टिरिओत पुन्हा वाजवलेलं निघालं. वाईट नव्हतं, पण मूळ सोलोवाले गायब. नाव तेच, बँडलीडर तोच, म्हणून फसायला होतं. १९३० च्या दशकातला नंबर आहे आणि आवाज डाव्या-उजव्या बाजूला वाटला गेलाय, तर शंका घ्या. आणि बोनस ट्रॅकमधले अल्टरनेट टेक, म्हणजे त्याच नंबरचे बाजूला ठेवलेले प्रयत्न, सुरुवातीला गाळा, एकच चाल लागोपाठ चार वेळा ऐकून अल्बमचा बाज बिघडतो.

जुन्या रेकॉर्डची खरखर सहन होत नाही.

मग १९५० नंतरचं ऐका, मागे नंतर जा. पण एक अपवाद करा, लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज', १९२८. सुरुवातीला तो एकटाच ट्रम्पेटवर वर चढतो आणि तितक्याच सहज गडगडत खाली येतो. ते दहा-बारा सेकंद खरखरीसकट ऐका. शेवटाकडे एक सूर तो जवळजवळ चार मापं धरून ठेवतो, आणि सोडतो तेव्हा आपलाच श्वास सुटतो. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, त्यामुळे फालतू एक सेकंद सापडत नाही.

हेडफोन की स्पीकर?

बिग बँड स्पीकरवर, जरा मोठ्याने. वाद्य शोधायचं असेल तेव्हा हेडफोन.

आज फक्त अर्धा तास आहे.

'को-को' तीनदा. मग 'लिल डार्लिन', मग 'वेस्ट एंड ब्लूज' दोनदा. उरलेल्या वेळात एलिंग्टनचं 'लोटस ब्लॉसम'. स्ट्रेहॉर्न १९६७ च्या मे महिन्यात गेला, त्यानंतर काही महिन्यांत एलिंग्टनने फक्त त्याच्या रचनांचा अल्बम केला. रेकॉर्डिंग उरकलं, वादक आवराआवर करत होते, आणि ड्यूक एकटाच पियानोपाशी बसून ही चाल वाजवायला लागला. टेप चालू होती. सुरुवातीला मागे लोकांचं बोलणं ऐकू येतं, सामान हलतंय, आणि मग हळूहळू खोली शांत होत जाते.